बाणकोट ते गुहागर : दोघींची पायवाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात प्रवासाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या आहेत. चारधाम झाले, अष्टविनायक झाले, दोघीतिघींच्या तोंडून परदेशही ऐकून झाला. त्या सगळ्याजणी मोटारीने, आगगाडीने किंवा विमानाने गेल्या. मी आणि माझी मैत्रीण पायी गेलो, आणि आमचे सामान आमच्याच पाठीवर होते, एवढाच काय तो माझा विशेष. चिटणीसबाईंनी मला बोलावयास उभे केले ते त्यासाठीच. तेव्हा भाषण म्हणून न ऐकता घरच्या गप्पा म्हणून ऐकावे, ही विनंती.

माझ्या मैत्रिणीला तुमच्यापैकी काहीजणी ओळखतात. तिचे नाव मी घेणार नाही. व्यासपीठावरून आपले नाव घेतलेले तिला खपत नाही. तिच्या दुखण्याविषयी मात्र बोलावे लागेल, आणि तशी परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. "सांग खुशाल, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच," असे ती म्हणाली. आम्ही दोघी शाळेपासूनच्या. दोघींनी साठी ओलांडली आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या बाजूचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. दुखणे बरे झाले, पण डाव्या हाताला मधूनमधून सूज येते. त्या हाताने जड उचलायचे नाही, खांद्यावर पट्टा काचू द्यायचा नाही, हे तिला कायमचे जपावे लागते.

ऑपरेशननंतर दोन वर्षे तिच्या घरी सगळेजण तिच्या हातातले काही ना काही काढून घेत असत. भाजीची पिशवी सून घेई, बादली मुलगा घेई, ताट नातू उचली. सगळी माया होती, त्यात शंका नाही. पण एक दिवस ती मला म्हणाली, "मला कुणी काही उचलूच देत नाही गं. मी बरी झालेय हे एकदा माझ्या पायांना तरी कळू दे." त्यातून हा बेत निघाला. लहानपणी ती आजोळी दापोलीकडे जात असे. तोच किनारा, बाणकोटपासून गुहागरपर्यंत, पायी चालायचा असे ठरले.

घरी सांगण्याची वेळ आली तेव्हा मोठीच पंचाईत झाली. वारीला निघालो असे सांगितले असते तर कोणी हरकत घेतली नसती. नर्मदापरिक्रमा म्हटले असते तर पाया पडले असते. बायकांनी पायी चालणे आपल्याकडे काही नवे नाही. पंडिता रमाबाई आई-वडिलांबरोबर आणि पुढे भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालणाऱ्या बायका तर आपण आजही पाहतो. पण देवाचे नाव नाही, पाण्याचा हंडा नाही, लग्नकार्य नाही, आणि तरीही दोन बायका चालत निघाल्या, म्हणजे लोकांना कारण सापडत नाही. मैत्रीण म्हणाली, "नवस नाही, काम नाही, मग घरी सांगायचं तरी काय?" शेवटी आम्ही खरे तेच सांगितले. चालावेसे वाटते म्हणून जातो.

तिच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारले. चालायला त्यांची हरकत नव्हती. पाठीवरच्या सॅकचे वजन डाव्या खांद्यावर येऊ द्यायचे नाही, ते कमरेच्या पट्ट्यावर घ्यायचे, हाताचा घट्ट मोजा दिवसा घालायचा, आणि हात लाल झाला किंवा ताप आला तर तडक दवाखाना गाठायचा, असे त्यांनी बजावले.

मग आमचे सामान भरणे सुरू झाले. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. म्हणजे मला सहा किलो. तिला पाच चालले असते, पण आम्ही चारावर थांबलो. भगिनींनो, चार किलोत संसार बसवणे सोपे नाही! त्यात पाणीच दीड-दोन लिटर, म्हणजे तितकेच किलो. राहिलेल्या दोन किलोत अंगावरच्याशिवाय एक पंजाबी पोशाख, रात्रीचा गाऊन, पंचा, विजेरी, औषधे, सुईदोरा, मोबाइल आणि त्याचा चार्जर. लाडवांचा डबा मी माझ्याकडे घेतला. माझ्या सुनेने हातकाट्यावर दोन्ही सॅक तोलून दिल्या. "असू दे, लागेल कदाचित" म्हणून घातलेली प्रत्येक वस्तू तिने बाहेर काढली. त्या वस्तूंचा ढीग पलंगावर पाहिला तेव्हा माझे मलाच हसू आले. त्यातले पुढे दहा दिवसांत काही म्हणता काही लागले नाही.

आता वाटेविषयी सांगते. किनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकसारखी लांबलचक पुळण येते. कोकणचा किनारा तसा नाही. तिथे पुळणीचा एक तुकडा असतो, मग डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरलेली असते, मग खाडी, मग पुन्हा पुळण. म्हणून चालणाऱ्याला वाळूवरून जायचे, पाखाडीने सड्यावर चढायचे, तापलेल्या कातळावरून पलीकडे जायचे आणि पुढच्या गावच्या आगरात उतरायचे. खाडी आली की होडी किंवा जंगलजेटीची फेरी पाहायची. एका दिवसात दहा-बारा किलोमीटर आमच्या वयाला पुष्कळ होतात.

आणि या वाटेवर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी मोठी. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते, तीवरून सडकेसारखे चालता येते. भरतीला पाणी वर चढते, मग भुसभुशीत वाळूत पाय रुततात, आणि काही ठिकाणी खडकाजवळची वाट पाण्याखाली जाते. ही वेळ कळावी कशी? आपल्या स्वयंपाकघरात जे कॅलेंडर टांगलेले असते, ज्यावर आपण एकादशी आणि संकष्टी पाहतो, त्यातच समुद्राचे वेळापत्रक आहे. कोकणातल्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, त्या सुमारास पूर्ण भरती. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी दीडला आणि रात्री दीडला भरती. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी साडेसातला पाणी सगळ्यांत दूर. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी. जागेप्रमाणे थोडे मागेपुढे होते, पण अंदाज चुकत नाही. यात जादू काही नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी फार वर येते आणि फार मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी.

हा हिशेब करून आम्ही फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला निघालो, म्हणजे पहिले पाच-सहा दिवस सकाळच्या चालण्याच्या वेळी ओहोटी मिळते. बागमांडल्याहून जंगलजेटीने सावित्रीची खाडी ओलांडली. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. पलीकडे उतरलो, बाणकोटचा किल्ला पाहिला आणि संध्याकाळी वेळासला मुक्काम केला.

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. आज ते दुसऱ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री इथल्या पुळणीवर येतात, हात-दीड हात खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे रक्षणाचे काम सुरू केले, गावकरी त्यात आले, वनखाते आले. अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिले वर येतात आणि त्यांना पाण्याजवळ सोडतात. द्वितीयेच्या सकाळी टोपली उचलली तेव्हा खाली सतरा पिले होती. त्यांना पाण्यापासून थोडे अलीकडे ठेवले. उचलून थेट पाण्यात का टाकत नाहीत, असे एका मुलाने विचारले. तिथला कार्यकर्ता म्हणाला, "तेवढं त्यांचं त्यांनाच चालू द्यायचं असतं." मी मैत्रिणीकडे पाहिले. ती पिलांकडेच पाहत होती, पण तिने माझ्या कोपराला हलकेच ढोसले.

वेळासहून सडा ओलांडून आम्ही भारजा नदीच्या मुखाशी आलो आणि होडीतून केळशीला उतरलो. केळशीला महालक्ष्मीचे देऊळ आहे, टेकडीवर याकूबबाबांचा दर्गा आहे, आणि समुद्राकाठी वाळूची एक उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या टेकडीचा अभ्यास केलेला आहे. आम्ही उतरलो त्या घरच्या काकी मात्र टेकडीपेक्षा आपल्या आगराविषयी बोलत होत्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे वादळ या किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या. पोफळ नव्याने लावली की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात, नारळालाही तसाच धीर धरावा लागतो. काकींचे वय सत्तरच्या पुढचे. त्यांनी वादळानंतरच्या पावसाळ्यातच रोपे लावली. "माझ्या हयातीत धरतील न धरतील, पण आगर मोकळं कसं ठेवायचं?" एवढेच त्या बोलल्या आणि आमच्या पानात आणखी एक घावन वाढले.

तिसऱ्या दिवशी उटंबरच्या डोंगराला वळसा घालून आडे आणि पाडले या गावांवरून आम्ही आंजर्ल्याला आलो. पाडल्याची पुळण मला फार आवडली. वाळूच्या कडेने मर्यादवेल पसरलेली होती, जांभळ्या फुलांची. वाळूत मुळ्या रोवून ही वेल वाळू धरून ठेवते, वाऱ्याने उडू देत नाही. चतुर्थीच्या पहाटे पाखाडी चढून कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले. तिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. मग खाली उतरून हर्णैला गेलो.

हर्णैच्या बंदराचे दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. होड्या किनाऱ्याशी येतात आणि वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. बोली लावण्यात बायका पुढे. गुडघाभर पाण्यातून टोपल्या आणणाऱ्या, बर्फ फोडणाऱ्या, हिशेब तोंडी करणाऱ्या त्या बायका पाहून आम्ही आमच्या सॅक गुपचूप खाली ठेवल्या. त्यांतल्या एकीने विचारले, "पाठीवर काय विकायला आणलंत गो?" काही विकायचे नाही, नुसतेच चालतो आहोत, असे सांगितल्यावर ती कमरेवर हात ठेवून हसली. मग म्हणाली, "चाला, चाला. आमी रोज चालतो, कुनी विचारीत नाय."

पंचमीला हर्णैहून मुरूडला आलो. त्या दिवशी फाक पंचमी होती, शिमग्याचे ढोल ऐकू येत होते. मुरूड म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे गाव. त्यांचा जन्म १८५८ साली शेरवलीला, पण बालपण मुरूडात गेले. सतरा वर्षांचे असताना परीक्षेला बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले, शंभर मैलांहून अधिक, घाट चढून. तिथे पोहोचल्यावर "हा मुलगा फार लहान दिसतो" म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ते परत आले आणि पुन्हा अभ्यासाला लागले. पुढे १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. आश्रम हिंगण्याला गेल्यावर कॉलेजातले काम आटोपून ते रोज तिथे पायी जात आणि आश्रमाला लागणारे जिन्नस बरोबर नेत. आज आपल्यातल्या कितीजणींच्या आया-आज्या त्या आश्रमात किंवा त्या विद्यापीठात शिकल्या असतील! म्हणजे त्या पाठीवरच्या ओझ्यात आपल्या शिक्षणाचाही वाटा होता. मुरूडच्या वाळूवर बसून आम्ही दोघी हेच बोलत होतो. त्या रात्री मुक्काम कर्द्याला केला.

आता जे सांगण्यासाठी मी एवढे बोलत आले, ते सांगते.

षष्ठीला कर्द्याहून लाडघरला जाताना सड्यावर ऊन फार लागले. मैत्रीण मागे पडू लागली. निघण्यापूर्वीच आम्ही एक नियम केला होता. दोघींपैकी कोणीही 'थांब' म्हटले की थांबायचे, कारण विचारायचे नाही. पण ती 'थांब' म्हणत नव्हती. लाडघरला पोहोचल्यावर तिने हात धुताना बाही वर केली. मनगट सुजले होते. अंगठी तिने आदल्या रात्रीच काढून ठेवली होती, म्हणजे सूज कालपासून होती.

मी विचारले, "सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मला परत नेलं असतंस. नाहीतर माझी सॅक काढून घेतली असतीस. ते तर घरीही होतंच की."

मला राग आला आणि वाईटही वाटले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. दुखणाऱ्या माणसाने काही सांगावे आणि आपण लगेच त्याचे सगळे हातातून काढून घ्यावे, ही आपली बायकांची जुनी रीत. आणि आपल्याला काही होत असले तर ओठ मिटून चालत राहावे, हीही आपलीच रीत. एकीच सड्यावर त्या दोन्ही रीती समोरासमोर आल्या होत्या.

डॉक्टरांना फोन केला. ताप नव्हता, हात लाल नव्हता. त्यांनी पूर्ण एक दिवस विश्रांती, हात उशीवर उंच ठेवणे, आणि पुढे पाठीवर वजन अजिबात नाही, असे सांगितले. संध्याकाळपर्यंत सूज उतरू लागली नाही तर दापोलीला दवाखान्यात जायचे ठरले. सूज उतरू लागली. सप्तमीचा सबंध दिवस आम्ही लाडघरला त्या घराच्या पडवीत काढला. समोर समुद्र, मध्ये सुरूची झाडे. तो दिवस आमच्या साऱ्या वाटेतला सर्वांत कठीण होता, कारण पाय थांबलेले होते आणि बोलणे टाळता येत नव्हते.

ती परत जायला तयार नव्हती. मी तिला ओझे उचलू द्यायला तयार नव्हते. दुपारी तिने कागद घेतला आणि मला म्हणाली, "हे बघ, ओझं म्हणजे नुसते किलो नव्हेत. तू सगळं घेतलंस तर मी तुझ्या मागून येणारी पेशंट होते. किलो तू घे. पण मला काहीतरी दे."

मग आम्ही वाटणी केली. तिची सॅक घरच्या यजमानांचा मुलगा मोटारसायकलवरून कोळथऱ्याला नेऊन देणार होता, आणि तिथून दाभोळला पोचवण्याची सोयही त्याने करून दिली. पाणी मी घेतले. आणि तिने घेतले वेळेचे ओझे. किती वाजता निघायचे, वाळूने जायचे की सडकेने, कुठे सावलीत बसायचे, खाडी केव्हा ओलांडायची, मुक्कामाला फोन कोणी करायचा, हे सगळे यापुढे तिच्याकडे. मी फक्त चालायचे आणि ती 'थांब' म्हणेल तिथे थांबायचे. नियमात आणखी एक भर घातली. रोज संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येकीने त्या दिवशी आपल्याला काय जड गेले ते एक सांगायचे. ऐकणारीने उपाय सुचवायचा नाही, नुसते ऐकायचे.

पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या मागून चालणं." मी म्हटले, "मागे वळून न पाहणं." दोघीही हसलो, पण नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

अष्टमीपासूनची वाट तिने ठरवली. ओहोटी आता दुपारकडे सरकली होती, म्हणून पहाटेच सडकेने बुरोंडीवरून निघायचे आणि ऊन चढण्यापूर्वी कोळथऱ्याला पोहोचायचे, असा तिचा हुकूम. नेहमीचा माझा पाय झपाट्याचा. तिच्या पावलाने चालायचे म्हणजे मला आधी अवघडच गेले. पण तिच्या पावलाने चालताना मला जे दिसले ते आधीच्या सात दिवसांत दिसले नव्हते. रहाटाला लावलेली चिरगुटे, पाखाडीच्या चिऱ्यांवर झिजून पडलेले खळगे, उंडीच्या झाडाखाली पडलेली फळे वेचणारी म्हातारी, असे कितीतरी. मी तिच्यासाठी सावकाश चालते आहे असे मला दोन तास वाटत होते. त्यानंतर ते वाटेनासे झाले.

नवमीला दाभोळ. एके काळी हे फार मोठे बंदर होते. काठावर सतराव्या शतकातली दगडी मशीद आहे, आणि गावाबाहेर खडकात चंडिकादेवीचे स्थान आहे. तिथे आत समईच्या उजेडात वाकून जावे लागते. दशमीला वाशिष्ठीची खाडी जंगलजेटीने ओलांडून धोपाव्याला उतरलो. जेटीवर मोटारी, दुचाक्या, मासळीच्या टोपल्या आणि आम्ही दोघी. तिकडून गुहागरपर्यंतची शेवटची वाट लांब होती. अर्ध्या वाटेवर तिने 'थांब' म्हटले. मी थांबले, कारण विचारले नाही. तिने झाडाखाली बसून लाडवाचा डबा उघडला आणि म्हणाली, "काही होत नाही गं. भूक लागली." संध्याकाळी व्याडेश्वराच्या देवळात घंटा वाजत असताना आम्ही गुहागरात शिरलो. तिची सॅक दाभोळपासून माझ्याच पाठीवर होती आणि माझी स्वतःची एका भल्या माणसाने रिक्षातून पुढे नेऊन ठेवली होती, हेही सांगितले पाहिजे. सगळे ओझे आम्हीच वाहिले असा डौल मला मिरवायचा नाही.

परत आल्यावर डॉक्टरांनी हात पाहिला, मोजमाप घेतले, आणि पूर्वीइतकाच आहे असे सांगितले. घरी तिच्या हातातून भाजीची पिशवी आजही सून घेते. पण आता ती म्हणते, "किलो तू घे, भाव मी करते." आणि सून ऐकते.

भगिनींनो, आपल्या मंडळाकडे माझे एक मागणे आहे. सहलीची मोठी बस काढतो तशी काढावीच. पण त्याशिवाय दोघीदोघींच्या जोड्या कराव्यात. लांब नको, तीन दिवस पुरेत. निघण्यापूर्वी घरी मुक्कामांची यादी द्यावी, डॉक्टरांना विचारावे, कॅलेंडर पाहून तिथी ठरवावी. जितके नेता येईल तितकेच न्यावे. आणि सोबतीणीला रोज संध्याकाळी एक खरे वाक्य सांगावे. आपण इतक्या वर्षांच्या शेजारणी. एकमेकींकडची हळदीकुंकवे, बारशी, आजारपणे आपण केली. तरीही आपल्यातल्या पुष्कळजणी कुठेतरी आतल्या आत सूज लपवून चालत असतात आणि 'थांब' म्हणत नाहीत. त्यांच्या हातातले काही काढून घेण्याआधी, आपण काय घेऊ आणि त्यांच्याकडे काय ठेवू, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल.

पुढच्या फाल्गुनात आम्ही दोघी गुहागरहून पुढे, वेळणेश्वर आणि हेदवीच्या वाटेने जयगडच्या खाडीपर्यंत जाणार आहोत. तिथी तिने आताच काढून ठेवली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मात्र सामान हातकाट्यावर तोलून पाहिले जाईल, हे आधीच सांगून ठेवते!